ईशान्येची जागा

आवाज आला नाही म्हणून माझी वात तुटली. कापूस चांगला होता, गांधी बाजारातून परवाच आणलेला, बोटांना भस्मही लावलेलं होतं. पण बोटं मधेच थांबली आणि तंतू सुटून पदरावर पडला. बसवनगुडीतल्या आमच्या क्लबच्या कोर्टावर मुलींचा बास्केटबॉलचा सराव चालला होता. मी नेहमीसारखी पायऱ्यांवर बसले होते, मांडीवर कापूस, शेजारी वळून झालेल्या वातींचा डबा. त्या वर्षी चातुर्मासात लक्षवातीचा नेम धरला होता, आणि वाती वळायला मला घरापेक्षा ही सिमेंटची पायरी बरी वाटे. खेळाकडं मी फारसं बघत नसे. बघून मला कळत नाही, ऐकून कळतं. बॉल आपटत कोण आणतंय ते मी मान खाली घालून सांगू शकते. माझ्या अक्षराचा बॉल घाईत नसतो, उखळात मुसळ पडावं तसा एका लयीत पडतो. त्या संध्याकाळी खेळ अटीतटीला आला होता. संध्या कोपऱ्यात अडकली होती, समोरच्या दोघी तिच्यावर हात पसरून उभ्या, आणि अशा वेळी इतकी वर्षं एकच आरोळी उठत आली होती, ‘अक्षराकडे! अक्षराकडे दे!’ आधी ती ह्यांची आरोळी होती. हे गेल्यावर मुलींनी ती उचलली, घरातलं मोठं माणूस गेल्यावर त्याची आरती धाकटी उचलतात तशी. त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही. मी मान वर केली. संध्यानं डोळे उचलून मैत्रेयीकडं पाहिलं. सिद्धीनं मैत्रेयीकडं पाहिलं. बाकावरच्या मुलींनी पाहिलं. बॉल उंचावरून मैत्रेयीच्या हातात गेला आणि तिथून जाळीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अक्षरानंही. पण त्याआधी, फुंकर घातल्यावर ज्योत विझायला लागतो तेवढा वेळ, मला माझ्या लेकीचे हात दिसले. ते पुढं पसरलेले होते, बॉल घ्यायला. ते तिनंही पाहिले, आणि हळूच पँटला पुसले, जणू घामच आला होता.

मैत्रेयी पुण्याची. बेंगळूरला कंप्युटरच्या कंपन्या तेव्हा नुकत्या कुठं उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत नोकरीला आली होती आणि जे. पी. नगरला एका घरात वरच्या खोलीत राहत होती. उंच, सावळी, हसली की लाजल्यासारखी दिसणारी. तिच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी देवासमोर सांगीन. वाईट वाटत होतं ते वेगळंच. हा संघ ह्यांनी उभा केला होता, आणि उभा केला होता तो अक्षराभोवती. ती शाळेत होती तेव्हापासून तिच्या हाताची जात ह्यांनी ओळखली होती. मग संध्याला आणली, कारण ती बॉल स्वतःजवळ ठेवत नाही. सिद्धीला आणली, कारण ती लांबून टाकते आणि अक्षराच्या वाटेत येत नाही. बेळ्ळंदूरच्या सकवारला तर हे तिच्या तळ्याकाठच्या शेतावर जाऊन घेऊन आले; तिला बास्केट करता येत नाही, पण बोर्डवरून परतलेला बॉल ती म्हशीच्या शिंगाला धरावं तसा धरते आणि सोडत नाही. जेवायला बसले की हे ताटातल्या वाट्या सरकवत मला समजावायचे, ‘ही बघ, ही वाटी इथं असली की मधली मोकळी होते.’ मला कळायचं नाही. मी म्हणायची, आमटी निवते आहे. आता वाटतं, विचारायला हवं होतं. ह्यांच्या खोलीतले कपडे देऊन झाले, चष्मा गेला, स्कूटर गेली. कोर्टावर मात्र ते अजून शाबूत होते, कारण बॉल अक्षराकडे जात होता. त्या संध्याकाळी तो दुसरीकडं गेला आणि मला वाटलं, हे आणखी थोडे गेले.

सराव संपल्यावर गुंडो माझ्याबरोबर चालत गांधी बाजारापर्यंत आला. गुंडो ह्यांचा शिष्य, आता मुलींचा कोच. मला अक्का म्हणतो. फुलवालीकडं मी हातभर शेवंती घेतली, तिनं आणखी चार बोटं सोडली आणि ‘सरी, अम्मा?’ म्हणाली, ठीक आहे ना अशा अर्थी, आणि मी ‘सरी’ म्हटलं, पण माझं लक्ष गुंडोच्या चपलेकडं होतं. तो काही अवघड बोलायचं असलं की चपलेनं खडा घोळवत चालतो. ‘अक्का,’ तो म्हणाला, ‘कमिटी म्हणते, मैसूरहून आणखी एक मोठी खेळाडू आणा आणि सकवारला बसवा. स्कोर करत नाही म्हणे ती.’ मी म्हटलं, मग आण की. ‘अय्यो, अक्का! बॉल एकच आहे. आत्ताच माझ्याकडं दोन नवरदेव झालेत, तिसरा कशाला? मला वऱ्हाडी पाहिजेत. अक्षता टाकणारे, पाटपाणी करणारे, बॅगा उचलणारे.’ मी हसले. तो हसला नाही. ‘दोघींत एकीला मधे घ्यायला लागतंय. मैत्रेयी मधे, बास्केटखाली. अक्षरानं बॉल वर आणायचा आणि तिला द्यायचा. एवढं एक झालं ना, तर गौरी-गणपतीनंतर लीग आहे, आपल्याला कोणी धरू शकत नाही. सोमवारी टीम सांगायची आहे मला.’ सांग मग, मी म्हटलं. तो थांबला. खडा गटारात गेला. ‘मी सांगितलं तर ती मान हलवील आणि दुसऱ्या दिवशी येणार नाही. सर असते तर... मल्लेश्वरमचा एक क्लब तिला बोलावतोय, ठाऊक आहे का तुम्हाला? तिथं तीच मधे. त्यांनाही सोमवारीच उत्तर पाहिजे.’ मला ठाऊक नव्हतं. शेवंतीच्या पानाचा पुडा माझ्या हातात एकदम ओला आणि जड झाला. ‘तुम्ही सांगा, अक्का. स्वल्प समजावून.’ आणि माझं उत्तर न ऐकताच तो बस पकडायला पळाला. पळताना त्याचा सदरा मागून फुगला होता आणि तो कोच वाटत नव्हता, परीक्षेला निघालेला मुलगा वाटत होता.

मी काय समजावणार? घरी येऊन देवाजवळ दिवा लावला आणि बसले. आमच्याकडं पंचायतन आहे. पाच लहान दगड, पिढ्यान्‌पिढ्यांचे; शहाजीराजांच्या काळात आमचे लोक इकडं आले तेव्हा पदराच्या गाठीत बांधून आणले म्हणतात, खरं-खोटं तो जाणे. मधे शाळिग्राम, म्हणजे विष्णू. चार कोपऱ्यांत बाण, म्हणजे शंकर, लाल दगडाचा गणपती, स्फटिकाचा सूर्य, आणि सोनेरी ठिपक्यांची देवी. हे होते तोवर पूजा ह्यांची. आम्हाला मुलगा नाही. हे गेल्यावर माझे दीर म्हणाले, देव आमच्याकडं द्या. अक्षरा तेव्हा दारात बुटाची नाडी बांधत होती, वर न बघता म्हणाली, ‘मी करते, काका.’ भटजींनी तोंड वाकडं केलं, पण हिनं केली. तेव्हापासून रोज पहाटे पळून येते, अंघोळ करते, ओल्या केसांनी बसते आणि पूजा करते. मी गंध उगाळून देते, फुलं निवडून देते, आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. हा माझा जुना नेम. तिचा मंत्र घाईचा असतो. पण दगड पुसताना हात घाईचे नसतात. बापासारखे. चातुर्मास लागताना लक्षवातीचा संकल्प सोडला तेव्हा तिनंच पळी हातावर धरली होती आणि विचारलं होतं, ‘कशासाठी सोडतेस गं?’ मी सांगितलं नाही. मी तिचंच नाव घेतलं होतं. अक्षराचं चांगलं होऊ दे. त्या रात्री दिव्याकडं बघत बसले तेव्हा तेच आठवत होतं आणि मनात काहीतरी टोचत होतं, कारण मी ‘चांगलं’ म्हणत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती मधे उभी होती, चारी बाजूंनी मुली आणि बॉल तिच्या हातात, आणि कडेनं आरोळी. मी देवाकडं लेकीचं चांगलं मागत होते की गेलेल्या माणसाचा आवाज, ते मला धड सांगता आलं नसतं.

शनिवारी पाऊस भुरभुरत होता, इकडचा पाऊस, छत्री उघडावी तर थांबतो आणि मिटावी तर येतो. सराव थांबला तशी मैत्रेयी धावत येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली, पत्र्याखाली. टॉवेलनं केस पुसता पुसता म्हणाली, ‘काकू, मला पण शिकवा ना वाती. ऑफिसमधे फार टेन्शन येतं. मॅनेजर ओरडला की ड्रॉवरमधे हात घालून वळत बसेन.’ मी तिला चिमूटभर कापूस दिला. तिच्या लांब बोटांना तो सापडेना. वात व्हायची ती दोरखंड झाली. ‘ही तुमच्या देवाला चालेल का, की पार्किंगमधे लावायची?’ असं म्हणून स्वतःच हसली. मग हसू मावळलं. समोर अक्षरा एकटीच पावसात बॉल आपटत होती, तिच्याकडं बघत म्हणाली, ‘काकू, खरं सांगू? पुण्याला मी खूप खेळले. कॉलेज, डिस्ट्रिक्ट, सगळं. पण मला बॉल नेहमी भांडून घ्यायला लागायचा. मला हवा तिथं, हवा तेव्हा कुणी दिलाच नाही. इथं अक्षरानं पास दिला ना, की असं वाटतं, तो आधीपासून माझ्या हातातच होता, मला फक्त आत्ता कळलं.’ तिनं टॉवेल गुंडाळून मांडीवर घेतला. ‘ती माझ्यावर रागावली आहे का?’ मी म्हटलं, नाही गं. ‘मग बोलत का नाही?’ मला सांगता आलं असतं, की तिचे वडील इथं उभे राहायचे, ह्या खांबाला टेकून, आणि तू जिथं उभी राहतेस ती जागा त्यांनी तिच्यासाठी मोकळी करून ठेवली होती. त्याऐवजी तिनं वळलेला तो जाडजूड दोर मी डब्यात टाकला, नेमाच्या वातींत. तिनं डोळे मोठे केले. ‘चालते,’ मी म्हटलं. परक्या गावात, वरच्या खोलीत, बोलायला कुणी नसलेली पोर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पावसावर घातलं.

रविवारी दुपारी जेवायला बसलो. चातुर्मासात मी एकदाच जेवते आणि जेवताना बोलत नाही. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत मौन. अक्षराला हे लहानपणापासून ठाऊक आहे आणि लहानपणापासून तिनं त्याचा फायदा घेतला आहे. गणितात नापास झाली ते मला वांग्याच्या भाजीबरोबर कळलं होतं. त्या दिवशीही मी पहिला घास घेतला आणि ती पुढं सरकून बसली. ‘आता झालं तुझं तोंड बंद. आता सांगते.’ माझा घास तोंडातच फिरला. ‘मल्लेश्वरमचे लोक कॉलेजात आले होते. म्हणाले, आमच्याकडं ये, सगळी टीम तुझ्याभोवती बांधतो.’ तिनं भातात खळगा केला, त्यात आमटी घातली, आमटी बाहेर येऊ नये म्हणून बोटानं बांध घालत राहिली. ‘गुंडोअण्णा मैत्रेयीला मधे घेणार. मला कुणी सांगितलं नाही, पण मला कळतं. परवा संध्यानं बॉल तिला दिला ना? बरोबर दिला. मी तिच्या जागी असते तर मीही मैत्रेयीलाच दिला असता. तेच तर वाईट आहे, आई. ती चुकीची असती तर मला रागावता आलं असतं.’ मी तिच्याकडं बघत होते. हनुवटी बापाची, ओठ दाबून धरायची सवय माझी. ‘अप्पा असते तर त्यांनी तिला घेतलीच नसती. हो ना?’ तिनं वर पाहिलं. ‘की घेतली असती?’ मला मौन सोडावंसं वाटलं. नेम मोडला तर देव काही ताट ओढून घेत नाही, हे मला कळतं. पण मोडून सांगू काय? हो म्हणू की नाही म्हणू? मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आणि मौन माझ्या किती उपयोगी पडत होतं ते त्या क्षणी मला उमगलं आणि माझी मला लाज वाटली. मी डाव्या हातानं तुपाची लोटी उचलली आणि तिच्या भातावर धार धरली. ‘तूप हे उत्तर नव्हे,’ ती म्हणाली. तरी मी धरलीच. तिचा बांध फुटला, आमटी ताटभर झाली, ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. ‘मी गेले तर तुला त्या पायऱ्यांवर एकटं बसावं लागेल. आणि राहिले तर मला रोज बघावं लागेल, की मी तिथं नाही.’ मग म्हणाली, ‘आत्ता काही बोलू नकोस. हात धुतल्यावरही नको.’ आणि ती उठून गेली. सायकलच्या घंटीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. मी ताक न घेताच उठले.

सोमवारी सकाळी ती पूजेला बसली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी विचारलं नाही. गंध दिलं, फुलं दिली, तुळशीची पानं हातात घेऊन मागं उभी राहिले. ताम्हणातले दगड तिनं पुसले, एकेक उचलून देव्हाऱ्यात ठेवले, आणि मान खाली घालूनच मागं हात केला. ‘तुळस.’ मी दिली नाही. ‘आई, तुळस दे.’ मी देव्हाऱ्याकडं बघत होते. मधे शाळिग्राम नव्हता. मधे बाण होता, शंकर, आणि विष्णू ईशान्येच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. दोन्ही दगड इतक्या वर्षांच्या तेलापाण्यानं सारखेच काळसर झालेले आहेत. एक वाटोळा आणि एक अंड्यासारखा, एवढाच फरक, आणि तो हाताला कळतो, हात ठिकाणावर असला तर. हे मी आधी पाहिलं होतं. असंच, ह्याच देव्हाऱ्यात. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात सासऱ्यांचा हात दुखावला होता आणि देव पुसून मांडून द्यायचं काम माझ्याकडं आलं होतं. माझ्या माहेरी शंकराचं पंचायतन, मधे शंकर. हात माहेरचा, त्यानं माहेरचं मांडलं. सासूबाईंनी पाहिलं आणि ‘अगंबाई’ म्हणून तोंडावर पदर घेतला. मी रडायच्या बेतात. सासरे आले, पाटावर बसले, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता उचलून मुकाट्यानं बदलतील आणि मला पुन्हा हात लावू देणार नाहीत. त्यांनी दुखऱ्या हातानं गणपती उचलला आणि सूर्याच्या जागी ठेवला. सूर्य उचलला, गणपतीच्या जागी ठेवला. म्हणाले, ‘मधला बदलला की ह्या दोघांना पण बदलावं लागतं, पोरी. तेवढं राहिलं होतं तुझं. आज एक दिवस तुझ्या माहेरची पूजा.’ आणि त्यांनी मला बेल आणायला पाठवलं. ते आठवलं आणि मी हातातली तुळस मुठीत मिटली.

‘काय झालं?’ अक्षरानं वळून पाहिलं, मग देव्हाऱ्याकडं पाहिलं. ‘आई, मी... थांब, बदलते, आत्ता बदलते.’ तिचा हात मधल्या दगडाकडं गेला. मी तिच्या पाटाशेजारी जमिनीवर बसले आणि तिचा हात धरला. ‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘ही तुझ्या आजोळची मांडणी आहे. फक्त अर्धी राहिली आहे.’ आणि मी तिला गणपती उचलायला सांगितला, आणि सूर्य. तिनं दोघांच्या जागा बदलल्या, माझ्या तोंडाकडं बघत, आंधळ्या माणसानं हात धरून चालावं तशी. सासऱ्यांची गोष्ट मी तिला सांगितली. कधी सांगितलीच नव्हती. कशी राहून गेली कोण जाणे. तिनं ऐकली. मग तिनं देवीकडं बोट दाखवलं. ‘आणि हिला कुठं ठेवायचं?’ ‘तिथंच. वायव्येला. मधे कुणीही येवो, ती हलत नाही.’ ‘सकवार,’ ती पुटपुटली, आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. बाहेर दूधवाल्याची सायकल येऊन गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली. ती कोपऱ्यातल्या शाळिग्रामाकडं बघत होती. ‘आणि ह्याला?’ तिचा आवाज इतका बारीक होता, की पाच वर्षांची असताना शाळेच्या दारात ‘तू जाणार का’ विचारायची तो आवाज मला आठवला. ‘ह्याला वाईट नाही वाटलं? रोज मधे असायचा.’ मला वाटलं होतं, मला ह्याचं उत्तर येत नाही. पण तोंडातून आलं, माझं की माझ्या सासऱ्यांचं की ह्यांचं, कोण जाणे. ‘ईशान्य काय साधी जागा आहे, बाळ? घर बांधताना देवघर कुठं काढतात? मधे?’ तिनं मान हलवली, नाही. ‘अप्पा सकाळी उठून आधी कुठं तोंड करून उभे राहायचे?’ माझ्या खांद्यावर तिचं ओलं डोकं टेकलं आणि केसांतलं पाणी माझ्या पोलक्यात झिरपत गेलं. मी तुळस खाली ठेवली. ‘ऊठ,’ मी म्हटलं, ‘परसातून बेल आण. मी अजून पाणी प्यायले नाही.’

बेल घेऊन आली तेव्हा ती जरा धावत आली. पूजा केली, मंत्र नेहमीपेक्षा सावकाश. आणि नमस्कार करता करता, डोकं जमिनीला टेकलेलं असतानाच म्हणाली, ‘गुंडोअण्णाला नुसतं मधलं कळलंय.’ मी म्हटलं, काय? ती उठून बसली, कपाळाला गंध, डोळे अजून सुजलेले, पण आत दिवा लागलेला. ‘सिद्धी डावीकडं का उभी राहते ठाऊक आहे? कारण मी उजवीकडून आत शिरायची. माझी वाट मोकळी राहावी म्हणून अप्पांनी तिला डावीकडं ठेवली. तिचा हात उजवीकडचा आहे, आई. इतकी वर्षं ती माझ्यासाठी चुकीच्या बाजूला उभी आहे आणि एकदा बोलली नाही.’ तिनं बोटानं पाटावर ओल्या रेघा काढल्या. ‘मैत्रेयी मधे आली की दोघी तिच्यावर धावणार. मग सिद्धी उजवीकडं पाहिजे, संध्या डावीकडं. नुसतं मधलं बदलून कसं चालेल?’ ती रेघा काढत होती आणि मला जेवताना ताटातल्या वाट्या सरकवणारे हे दिसत होते. मला या वेळी सगळं कळलं. आमटी निवते आहे असं म्हणायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्याआधी निघाली. मी पोचले तेव्हा गुंडो डोकं खाजवत उभा होता. ‘सिद्धी उजवीकडं? आणि मैसूरची नको म्हणतेस? कमिटीला मी काय सांगू?’ ‘सांगा, सकवार हलत नाही.’ ‘हे तुला कुणी सांगितलं?’ ‘गणपतीनं,’ ती म्हणाली. गुंडोनं माझ्याकडं पाहिलं. मी कापूस सोडवत होते. ‘आणि मल्लेश्वरमच्या लोकांना?’ त्यानं हळूच विचारलं. ‘सकाळीच फोन केला,’ अक्षरा म्हणाली, आणि बॉल घेऊन गेली. सिद्धी उजवीकडं जाऊन उभी राहिली तेव्हा दोनदा मागं वळून पाहिलं तिनं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं. अक्षरानं तिला मानेनं खूण केली, तिथंच. सकवार बोर्डखाली पाय रोवून होती. खेळ सुरू झाला आणि मी मान खाली घातली. बॉलचा आवाज आला, तोच, घाई नसलेला. पण आता तो कोर्टाच्या मधे जाऊन थांबत नव्हता. कडेनं, ईशान्येकडच्या पर्जन्यवृक्षाच्या कोपऱ्यातून येत होता, जिथून सकाळी ऊन येतं. मी संकल्प सोडताना तिचं नाव घेतलं होतं. जागा सांगितली नव्हती, आणि बरं झालं, सांगितली नव्हती. खेळ अटीतटीला आला तसा कोर्टावरचा गलबला थांबला. कुणी ओरडलं नाही. माझी बोटंही थांबली नाहीत. वात वळून पूर्ण झाली, मी ती डब्यात मैत्रेयीच्या दोरखंडाशेजारी ठेवली आणि मग वर पाहिलं. दोघी मैत्रेयीवर धावल्या होत्या आणि तरी बॉल त्यांच्या हातांमधून, सुईतून दोरा जावा तसा, तिच्यापर्यंत पोचला होता. जाळी हलत होती. सगळ्या मुली मैत्रेयीकडं बघत होत्या, आणि मैत्रेयी अक्षराकडं. त्या कोपऱ्यात माझ्या लेकीचे हात पुढं पसरलेले होते, बॉल नुकताच देऊन रिकामे झालेले, त्या संध्याकाळी होते अगदी तसेच. तिनंही ते पाहिले. तिनं ते पुसले नाहीत.